पश्च अनुदैर्घ्य अस्थिबंधाचे अस्थिभवन, मानेतील

पश्च अनुदैर्घ्य अस्थिबंधाचे अस्थिभवन, मानेतील : मणक्यांच्या मागील पृष्ठावरून उभ्या दिशेने जाणाऱ्या तंतुमय पट्ट्याचे हळूहळू हाडात रूपांतर होऊन मेरुनाल अरुंद होण्याच्या व त्यातील मेरुरज्जूवर दाब येण्याच्या विकाराला हे नाव आहे. हा पट्टा दुसऱ्या ग्रैव मणक्यापासून त्रिकास्थीपर्यंत पसरलेला असतो व एकावर एक रचलेले मणके आणि त्यांमधील चकत्या यांना मागून बांधून ठेवतो. तो मेरुनालाच्या आत, मेरुरज्जूच्या अगदी पुढे असल्यामुळे त्याची जाडी थोडी वाढली, तरी तिचा परिणाम रज्जूवर होतो. अस्थिभवन पाठीच्या भागातही होते. परंतु ते सर्वांत अधिक मानेत, विशेषतः चौथ्या ते सहाव्या मणक्यांच्या पातळीवर आढळते.

प्रौढ माणसाच्या मानेतील मेरुनालाचा पुढून मागे मोजलेला व्यास सुमारे १७ मिमी. असून मेरुरज्जूला त्यांपैकी सुमारे ८ मिमी. जागा लागते. उरलेली जागा मस्तिष्क-मेरुद्रव, आवरणे व चरबी यांनी व्यापलेली असते. मानेच्या हालचालींत रज्जूला सुरक्षित राहता यावे, म्हणून निसर्गाने ठेवलेली ही शिल्लकच होय. अस्थिभवनाने ती खर्ची पडत जाते. ही प्रक्रिया इतकी संथ असते, की रज्जू अनेक वर्षे दाबाशी जुळवून घेतो व रुग्णाला काहीच जाणवत नाही. नालाची उरलेली जागा १४ मिमी. पेक्षा अधिक असल्यास केवळ दाबाने रज्जूला इजा होण्याची शक्यता फारशी नसते. ती ६ मिमी. पेक्षा कमी झाली, तर इजा बहुधा झालेलीच असते. या दोन मर्यादांमधील रुग्णांच्या बाबतीत मानेच्या हालचालींचे प्रमाण निर्णायक ठरते. अस्थिभवन झालेल्या दोन खंडांमध्ये हालचाल शिल्लक असली, तर त्या ठिकाणी रज्जू वारंवार घासला व चिमटला जातो.

इतिहास : मेरुनालातील अस्थिबंध हाडासारखे कठीण होऊन दोन्ही पाय लुळे पडल्याचे वर्णन लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील शल्यविशारद सी. ॲस्टन की यांनी १८३८ मध्ये केले होते. पण सुमारे सव्वाशे वर्षे त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. १९६० मध्ये जपानमधील त्सुकिमोटो यांनी एका रुग्णाच्या शवपरीक्षेत हा विकार दाखवून दिला आणि १९६४ मध्ये तेरायामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आजचे नाव दिले. त्यानंतर जपानी वैद्यकीय नियतकालिकांतून असे रुग्ण मोठ्या संख्येने प्रसिद्ध होऊ लागले व १९७५ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने त्यासाठी स्वतंत्र संशोधन समिती नेमली. त्यामुळे काही काळ हा ‘जपानी रोग’ म्हणून ओळखला जाई. ते नाव योग्य नव्हते. जपानमध्ये प्रौढांच्या क्ष-किरण तपासणीत हा दोष सुमारे २ ते ४ टक्के लोकांत आढळतो, हे खरे. परंतु कोरिया, चीन, तैवान व भारत येथेही तो असामान्य नाही. यूरोपीय वंशाच्या लोकांत तो त्या मानाने बराच कमी आढळतो.

कारणे : निश्चित कारण एक नाही. रुग्णाच्या भावंडांत हा विकार सामान्य लोकांपेक्षा अधिक आढळतो, यावरून आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट होतो. कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या घडणीशी संबंधित काही जनुकांचा त्याच्याशी संबंध असल्याचे १९९८ नंतरच्या जपानी संशोधनात दिसून आले. पुरुषांत तो स्त्रियांच्या सुमारे दुप्पट असून रुग्ण बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात. लठ्ठपणा व प्रौढ वयातील मधुमेह यांच्याशी त्याचे साहचर्य आहे. परावटू ग्रंथींचा स्राव कमी होणे, फॉस्फेटाच्या न्यूनतेमुळे होणारा मुडदूस यांसारख्या चयापचयाच्या विकारांतही अस्थिबंध हाडासारखे होतात. पाठीच्या कण्याच्या पुढील अस्थिबंधाचे व्यापक अस्थिभवन झालेल्या व्यक्तींमध्ये मागील अस्थिबंधही पुष्कळदा बाधित असतो.

भारताच्या संदर्भात फ्ल्युओराइडाच्या विषबाधेचा विचार वेगळा करावा लागतो. जमिनीतील खडकांतून विहिरींच्या व कूपनलिकांच्या पाण्यात फ्ल्युओराइड उतरते. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्यात आल्यास हाडे अतिघन होतात, त्यांवर काटे फुटतात आणि अस्थिबंध व कंडरा यांचे अस्थिभवन होते. मद्रास इलाख्यातील अशा विषबाधेचे वर्णन शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे तेलंगणातील नळगोंडा जिल्हा त्यासाठी ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रात चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्ल्युओराइड मर्यादेबाहेर आढळते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिग्रॅ. पर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल, तर १.५ मिग्रॅ. पर्यंत चालवून घेतले जाते. अशा भागातील रुग्णाच्या हातापायांत कडकपणा आल्यास दातांवरील तपकिरी डाग व क्ष-किरण चित्रात अग्रबाहूच्या दोन हाडांमधील पटलाचे झालेले अस्थिभवन या खुणांवरून मूळ कारण ओळखता येते. या रुग्णांत दाब मानेतील दोन-तीन मण्यांपुरता नसून कण्याच्या बऱ्याच लांबीवर असतो, हाड दगडासारखे कठीण असते आणि ते कोरताना रक्तस्राव अधिक होतो. त्यामुळे शस्त्रक्रियेचा लाभ कमी व धोका अधिक असतो. त्यांच्या बाबतीत गावाचा पाण्याचा स्रोत बदलणे हा प्रतिबंध शस्त्रक्रियेपेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

लक्षणे : मान आखडणे व खांदे दुखणे ही आरंभीची लक्षणे असली, तरी वेदना हे या विकाराचे प्रमुख लक्षण नव्हे, आणि येथेच रुग्णाची फसगत होते. दुखत नाही, म्हणून तो थांबतो. वास्तविक रज्जूवरील दाबाची खरी लक्षणे बोटांच्या व पावलांच्या कामात दिसतात. सदऱ्याची गुंडी लावता न येणे, सुट्टी नाणी मोजताना ती हातातून निसटणे, सही बदलणे, भाताचा घास नीट न करता येणे अशा तक्रारी प्रथम येतात. चालताना पायातील चप्पल केव्हा निसटली, हे न कळणे हे चपला वापरणाऱ्या आपल्या समाजातील एक नेमके लक्षण आहे. अंधारात तोल जातो, जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागतो. पुढे पाय ताठरतात व लघवीवरील ताबा कमी होतो. तपासणीत गुडघ्याच्या व घोट्याच्या प्रतिक्षेपी क्रिया तीव्र झालेल्या आढळतात. मूठ भराभर उघडण्यास व मिटण्यास सांगितल्यास निरोगी माणूस १० सेकंदांत २० किंवा अधिक वेळा तसे करतो. रज्जू बाधित झालेल्या रुग्णास ते जमत नाही. या चाचणीस कोणतेही उपकरण लागत नाही, म्हणून ग्रामीण दवाखान्यातही ती करता येते.

इजेची तीव्रता मोजण्यासाठी जपानी अस्थिशल्य संघटनेची १७ गुणांची मापनपद्धती सर्वत्र वापरली जाते. हाताचे काम, चालणे, संवेदना व मूत्राशय यांना मिळून हे गुण दिलेले असतात. मूळ पद्धतीत हाताचे काम जेवणाच्या काड्या वापरता येतात किंवा नाही यावरून ठरवीत. अन्य देशांत त्याऐवजी चमचा, गुंडी वा हाताने जेवणे असे बदल करून घेण्यात आले आहेत. शस्त्रक्रियेनंतर वाढलेले गुण आधी गमावलेल्या गुणांच्या किती टक्के आहेत, यावरून सुधारणेचे प्रमाण काढतात. उदाहरणार्थ, आधी ९ गुण असलेल्या रुग्णास नंतर १३ मिळाले, तर गमावलेल्या ८ पैकी ४ परत आले, म्हणजे सुधारणा ५० टक्के झाली.

निदान : मानेच्या बाजूने घेतलेल्या साध्या क्ष-किरण चित्रात मणक्यांच्या मागे पांढरी उभी रेषा दिसते. ती अनेक मणक्यांमागे सलग, प्रत्येक मणक्यामागे तुटक, या दोहोंची मिश्र किंवा केवळ एखाद्या चकतीपुरती स्थानिक असू शकते. शस्त्रक्रियेची आखणी करताना संगणकीय छेदचित्रण म्हणजे सीटी स्कॅन अपरिहार्य आहे; कारण हाडाची जाडी, रुंदी आणि रज्जूच्या बाह्य आवरणाचेही म्हणजे दृढतानिकेचेही अस्थिभवन झाले आहे किंवा नाही, हे त्यातच उमगते. चुंबकीय अनुस्पंदन चित्रण म्हणजे एमआरआय रज्जूची स्थिती दाखविते. तथापि हाड व जाड झालेला अस्थिबंध ही दोन्ही त्यात काळीच दिसत असल्यामुळे केवळ त्यावर विसंबल्यास हा विकार चकती सरकल्याचा प्रकार समजला जाण्याची शक्यता असते. खर्च वाचविण्यासाठी दोहोंपैकी एकच तपासणी करण्याचा आग्रह पुष्कळदा धरला जातो. येथे ती काटकसर महागात पडते.

शस्त्रक्रिया केव्हा करावी : हाड झालेला अस्थिबंध विरघळविणारे औषध उपलब्ध नाही. गळपट्टा, वेदनाशामके व व्यायाम यांनी मानेचे दुखणे कमी होते. दाब कमी होत नाही. असे असले, तरी क्ष-किरण चित्रात दोष दिसला, एवढ्यावरून शस्त्रक्रिया करणे समर्थनीय नाही. जपानमधील कागोशिमा येथे मात्सुनागा व सहकाऱ्यांनी ४५० रुग्णांचा किमान १० वर्षे पाठपुरावा करून त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. आरंभी रज्जूची कोणतीही लक्षणे नसलेल्या ३२३ जणांपैकी ५५ जणांतच, म्हणजे १७ टक्क्यांत ती पुढे उद्‌भवली. म्हणून लक्षणे नसलेल्या व्यक्तीस ठराविक काळाने तपासत राहणे, हाच सर्वसाधारण मार्ग होय. याउलट हातांचे कौशल्य किंवा चाल बिघडू लागली असेल, तर थांबण्यात लाभ नाही. दीर्घकाळ दबलेल्या रज्जूतील नष्ट झालेल्या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. शस्त्रक्रियेचे यश रुग्णाचे वय, लक्षणांचा कालावधी व शस्त्रक्रियेपूर्वीचे गुण यांवर अवलंबून असते आणि या तिन्ही बाबी विलंबाने बिघडतात.

अपघाताचा विचार मात्र लक्षणे नसलेल्यांनीही करावयास हवा. अरुंद नालात न्हाणीघरात घसरण्याइतक्या किरकोळ पडण्याने, हाड न मोडताही, रज्जूला अचानक इजा होऊन दोन्ही हात लुळे पडू शकतात. केशकर्तनालयात डोक्याची मालिश आटोपताना मानेस झटका देऊन आवाज काढण्याची प्रथा आहे. या रुग्णांनी तीपासून कटाक्षाने दूर राहावे. अन्य कोणत्याही शस्त्रक्रियेच्या वेळी शुद्धिहरणतज्ञास या विकाराची कल्पना आधी देणे आवश्यक असते. कारण श्वासनलिकेत नळी घालताना मान मागे वाकवावी लागते.

शस्त्रक्रियेचे प्रकार : शस्त्रक्रियेचे मार्ग दोन : मागून व पुढून. मागील मार्गात अस्थिबंधाला हात न लावता नालाचे छप्पर उघडतात व रज्जूला मागे सरकण्यास वाव देतात. पुढील मार्गात दाब आणणारे हाडच काढतात किंवा सैल करतात.

प्रत्येक मणक्याच्या कमानीचा मागील चपटा भाग म्हणजे पटल होय. ही पटले काढून टाकण्याची क्रिया, लॅमिनेक्टोमी, सर्वांत जुनी व सर्वांत सोपी आहे. तिने नाल मोकळा होतो; परंतु मानेचे स्नायू ज्यांना चिकटलेले असतात ते आधार गेल्यामुळे काही रुग्णांत मान पुढे वाकू लागते आणि रज्जू पुन्हा अस्थिबंधावर ताणला जातो. हा दोष टाळण्याच्या प्रयत्नातून जपानमध्ये लॅमिनोप्लास्टी म्हणजे पटले न काढता त्यांची पुनर्रचना करण्याची क्रिया विकसित झाली. तिचे पहिले रूप १९७३ मध्ये ओयामा व हत्तोरी यांनी मांडले. टोकिओच्या केइओ विद्यापीठातील हिराबायाशी यांनी १९७७ पासून अवलंबिलेली पद्धती तिच्या सोपेपणामुळे जगभर पसरली. तीत पटलांच्या एका बाजूस आरपार छेद व दुसऱ्या बाजूस अर्धवट खाच घेतात आणि दार बिजागरीवर उघडावे त्याप्रमाणे पटले एका बाजूस उचलतात. उघडलेले दार पुन्हा मिटू नये, म्हणून ते मूळ पद्धतीत धाग्याने बांधीत; पुढे टिटॅनियमाच्या लहान पट्ट्या व स्क्रू वापरात आले. कुरोकावा यांच्या पद्धतीत पटले मध्यभागी चिरून दुपाखी दरवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंस उघडतात.

मागील मार्गाचे यश मानेच्या वक्रतेवर अवलंबून असते. मानेस स्वाभाविक मागील बाक असेल, तर छप्पर उघडताच रज्जू मागे तरंगतो. मान सरळ वा पुढे झुकलेली असेल, तर तो पुढील हाडावरच ताणलेला राहतो. हे आधी ओळखण्यासाठी २००८ मध्ये फुजियोशी व सहकाऱ्यांनी एक सोपी कसोटी सुचविली. बाजूने घेतलेल्या चित्रात दुसऱ्या व सातव्या मणक्यांच्या पातळीवरील नालाचे मध्यबिंदू एका रेषेने जोडावयाचे. अस्थिभवन या रेषेच्या पुढेच राहत असेल, तर मागील मार्ग पुरेसा ठरतो. ते रेषा ओलांडून मागे आले असेल, तर केवळ छप्पर उघडून अपेक्षित सुधारणा होत नाही. नालाच्या व्यासापैकी ६० टक्क्यांहून अधिक भाग हाडाने व्यापला असल्यासही केवळ लॅमिनोप्लास्टीचे परिणाम असमाधानकारक असतात. अशा वेळी पुढील मार्ग निवडतात किंवा पटले काढून मणके दोन्ही बाजूंनी स्क्रू व दांड्यांनी सांधतात. सांधल्याने हालचाल थांबते व मान पुढे वाकण्याचा धोका टळतो. मात्र मान वळविण्याची मुभा कायमची कमी होते.

पुढील मार्गात गळ्याच्या एका बाजूने, अन्ननलिका व श्वासनलिका एका अंगास व मोठ्या रक्तवाहिन्या दुसऱ्या अंगास सारून मणक्यापर्यंत पोहोचतात. मणक्याचे शरीर मधोमध कोरून काढतात, त्यामागील हाड झालेला अस्थिबंध सूक्ष्मदर्शकाखाली अतिवेगी यंत्राने घासून पातळ करतात व काढतात. पडलेली पोकळी कटीच्या किंवा पायाच्या हाडाच्या तुकड्याने अथवा धातूच्या पिंजऱ्याने भरून पुढे पट्टी बसवितात. दाबाचे कारणच नाहीसे होत असल्यामुळे तीव्र दाबाच्या रुग्णांत ही क्रिया अधिक गुणकारी ठरते. धोकाही तिच्यात अधिक आहे. दृढतानिका हाडाशी एकजीव झालेली असेल, तर हाड काढताना ती फाटते व मस्तिष्क-मेरुद्रव गळू लागतो. हे टाळण्यासाठी जपानमधील यामाउरा यांनी हाड न काढता ते कागदासारखे पातळ करून कडांनी सुटे करण्याची व पुढे तरंगू देण्याची पद्धती काढली. अलीकडे चीनमध्ये मणक्याचे शरीर व त्यास चिकटलेला अस्थिबंध हे दोन्ही अखंड पुढे ओढून घेण्याची पद्धती २०१७ च्या सुमारास पुढे आली. ती कल्पक आहे. परंतु दीर्घकालीन अनुभव अद्याप मर्यादित आहे. तीनपेक्षा अधिक मणके बाधित असल्यास पुढील मार्गात सांधा न जुळणे व घातलेला तुकडा निसटणे यांचे प्रमाण वाढते. गिळताना त्रास व आवाज बसणे हे उपद्रव बहुधा तात्पुरते असतात.

मार्ग कोणताही असला, तरी सुमारे १०० पैकी ५ रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच खांदा उचलण्याची शक्ती जाते. पाचव्या ग्रैव तंत्रिकेशी निगडित असा हा दोष बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप भरून येतो. तो शस्त्रक्रियेतील चुकीमुळेच झाला, असे मानण्याचे कारण नाही. तथापि त्याची कल्पना रुग्णास आधी दिलेली असावी.

भारतात दोन वेगळ्या दिशांनी काम झाले आहे. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अरी चाको व सहकाऱ्यांनी मणक्याचे शरीर मधोमध न काढता बाजूने तिरके कोरण्याच्या पद्धतीचा वापर केला. मणक्याचा पुरेसा भाग शिल्लक राहत असल्याने तीत हाडाचा तुकडा वा धातूची पट्टी लागत नाही. मात्र मानेतील अनुकंपी तंत्रिकांना इजा होऊन त्या बाजूची पापणी खाली येऊ शकते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेले मेंदुशल्यविशारद अतुल गोयल यांनी मणक्यांमधील अस्थैर्य हे या विकाराचे मूळ असून अस्थिभवन हा त्याचा परिणाम आहे, असे मत मांडले. त्यानुसार दाब न काढता केवळ मणक्यांचे सांधे स्क्रूंनी स्थिर करण्याची पद्धती त्यांनी अवलंबिली. हे मत प्रचलित कल्पनेस छेद देणारे असल्यामुळे त्यावर बरीच चर्चा झाली असून ते सर्वमान्य झालेले नाही.

पुढील व मागील मार्गांची प्रत्यक्ष तुलना करणाऱ्या यादृच्छिक चाचण्या थोड्या आहेत. उत्तर अमेरिकेत १६३ रुग्णांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मानेच्या झीजजन्य मज्जाविकारासाठी दोन्ही मार्गांनी एका वर्षानंतर मिळालेला शारीरिक लाभ जवळपास सारखा आढळला. उपद्रव पुढील मार्गात अधिक होते. तिचे निष्कर्ष अस्थिभवनाच्या रुग्णांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

खर्च : या विकाराच्या शस्त्रक्रियेचा खर्च प्रामुख्याने शल्यविशारदाच्या कौशल्यावर नव्हे, तर शरीरात काय ठेवले जाते यावर ठरतो, हे रुग्णाच्या नातेवाइकांना सहसा ठाऊक नसते. धाग्याने बांधलेल्या लॅमिनोप्लास्टीत धातूचा एकही तुकडा लागत नाही. तीच क्रिया पट्ट्यांनी केल्यास प्रत्येक उघडलेल्या पटलास एक पट्टी व तिचे स्क्रू लागतात. तिसऱ्या ते सहाव्या मणक्यांपर्यंत मागून सांधावयाचे झाल्यास आठ स्क्रू व दोन दांड्या. दुसऱ्या ते सातव्यापर्यंत जावयाचे झाल्यास स्क्रूंची संख्या बारा होते. प्रत्येक स्क्रूची किंमत स्वतंत्र आकारली जाते आणि देशी व परदेशी बनावटीच्या किंमतीत मोठी तफावत असते. पुढील मार्गात पट्टीखेरीज पिंजरा लागतो. रुग्णाच्याच कटीचे हाड घेतल्यास तो खर्च वाचतो, पण दुसरी जखम व तिचे दुखणे सोसावे लागते. याशिवाय अतिवेगी कोरणीची टोके, शस्त्रक्रिया चालू असताना रज्जूचे विद्युत् संदेश तपासणारी यंत्रणा, अतिदक्षता विभागातील वास्तव्य व नंतरची भौतिक चिकित्सा यांचे आकार देयकात वेगळे असतात. खाजगी रुग्णालयात एकूण रक्कम काही लाख रुपयांच्या घरात जाते. म्हणून अंदाजपत्रक मागताना एकूण आकड्याबरोबरच किती मणके, कोणत्या बनावटीचे किती स्क्रू व कोणत्या बाबी वगळल्या आहेत, हे लेखी विचारणे हिताचे असते.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील स्टेंट व कृत्रिम गुडघा यांच्या कमाल किंमती केंद्र शासनाने २०१७ मध्ये ठरवून दिल्या. मणक्यांच्या स्क्रू-पट्ट्यांना त्या वेळी तशी कमाल मर्यादा घालण्यात आली नाही. २०२० पासून सर्व वैद्यकीय साधनांच्या छापील किंमतीत वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास मनाई असली, तरी मूळ किंमतच अवाजवी असल्यास या नियमाचा उपयोग मर्यादित राहतो.

महाराष्ट्रात दुर्बल कुटुंबांसाठी १९९७ मध्ये सुरू झालेल्या जीवनदायी योजनेत हृदय व मूत्रपिंड यांबरोबर मेंदू व मज्जारज्जू यांच्या विकारांचाही समावेश होता. तिची जागा २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने घेतली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये सुरू झाली. तीत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. राज्याच्या योजनेची मर्यादा पूर्वी दीड लाख रुपये होती. ती ५ लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. या योजनांत प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयास ठराविक रक्कम मिळते. बारा स्क्रूंच्या शस्त्रक्रियेस ती अपुरी पडत असल्यास रुग्णालय अशा रुग्णास घेण्यास नाखूष असते, किंवा कमी धातूची पद्धती निवडली जाते. कमी धातूची पद्धती वैद्यकीय दृष्ट्या योग्य असेल, तर त्यात गैर काही नाही. धाग्याने बांधलेली लॅमिनोप्लास्टी दशकानुदशके समाधानकारक ठरली आहे. परंतु पुढे झुकलेल्या मानेवर केवळ स्वस्त म्हणून लॅमिनेक्टोमी केली, तर काही वर्षांनी दुसरी, अधिक अवघड व अधिक खर्चाची शस्त्रक्रिया ओढवते, आणि तोवर रज्जूची झालेली हानी भरून येत नाही ती नाहीच. खाजगी विम्याच्या बाबतीत विमा घेण्यापूर्वीपासून असलेल्या विकारांसाठीचा प्रतीक्षाकाल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने करण्यात आला आहे. हा विकार वर्षानुवर्षे मूकपणे वाढणारा असल्याने तो आधीच अस्तित्वात होता की नव्हता, यावरून दाव्यांत वाद उद्‌भवतात. लक्षणे प्रथम केव्हा जाणवली, ही डॉक्टरांच्या कागदावरील नोंद म्हणूनच महत्त्वाची ठरते.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या व महानगरपालिकांच्या मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया अल्प खर्चात होते. तेथे पैशांऐवजी वेळ मोजावा लागतो. बाहेरगावच्या रुग्णाला प्रवास, सोबत्याचे शहरातील वास्तव्य व बुडालेली मजुरी हा खर्च कोणत्याही योजनेत मिळत नाही. हाताने काम करणाऱ्या शेतकऱ्याला, शिंप्याला वा गवंड्याला शस्त्रक्रियेनंतर निदान काही महिने काम बंद ठेवावे लागते, हेही हिशेबात धरले पाहिजे.

जपानमध्ये १९८० पासून या विकाराच्या उपचारांस शासकीय साहाय्य मिळू लागले. २०१५ मध्ये अंमलात आलेल्या दुर्धर रोगांविषयीच्या कायद्यानुसार तीव्रतेच्या निकषात बसणाऱ्या रुग्णास खर्चाचा जास्तीत जास्त २० टक्के वाटा द्यावा लागतो व त्यालाही उत्पन्नानुसार मासिक कमाल मर्यादा असते. हे साहाय्य केवळ शस्त्रक्रियेपुरते नसून नंतरच्या तपासण्या व भौतिक चिकित्सा यांनाही लागू आहे. भारतीय योजनांचा भर रुग्णालयातील वास्तव्यावर असून बाह्यरुग्ण विभागातील दीर्घकालीन उपचार त्यांत जवळजवळ येत नाहीत.

शस्त्रक्रियेनंतर : उपद्रव न झाल्यास रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आधाराने उभा राहतो व सुमारे आठवड्याने घरी जातो. सांधलेल्या मानेस काही आठवडे गळपट्टा लावतात. लॅमिनोप्लास्टीनंतर मात्र मानेची हालचाल लवकर सुरू करणे हितावह समजतात, नाहीतर ती आखडते. सुधारणा मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत व पुढे एक वर्षापर्यंत होते. हातांचे कौशल्य आधी व पायांचा ताठरपणा नंतर सुधारतो. बधिरपणा पुष्कळदा काही अंशी कायम राहतो. मागील मार्गाने शस्त्रक्रिया झाल्यास अस्थिबंध जागेवरच असल्याने त्याची वाढ चालू राहू शकते. दीर्घकालीन पाहणीत निम्म्याहून अधिक रुग्णांत ती आढळली. त्यांपैकी थोड्यांनाच पुन्हा शस्त्रक्रियेची गरज पडली. सुरुवातीस वर्षातून एकदा, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी तपासणी करतात. तीत क्ष-किरण चित्रापेक्षा बोटांचे काम व चाल यांकडे अधिक लक्ष दिले जाते. मधुमेह व वजन ताब्यात ठेवण्याचा सल्ला सर्वच रुग्णांना दिला जातो.